दोनशे एकावी सव्वीस जानेवारी

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी आजारपणाची रजा एकदाही टाकली नाही. हे मी कुणाला सांगायला लागलो की शैला, म्हणजे आमची सौ., पदराआड हसायची. दुसरं काही सांगण्यासारखं नाही का तुमच्याकडं, म्हणायची. नव्हतं, कशाला खोटं बोला. गडहिंग्लजच्या आमच्या शाळेत मी पी.टी.चा सर. घेवडे सर. आडनावावरून पोरं पाठीमागं काय काय म्हणायची ते सगळं मला ठाऊक होतं, पण मैदानात माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मी निवृत्त झालो त्याला तेरा वर्षं होऊन गेली होती. २०३९च्या श्रावणात कंबर दुखत होती, मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. मुतखडा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडं वळवला आणि म्हणाल्या की तुमच्या महाधमनीला फुगवटा आहे, अ‍ॅन्युरिझम, चार पूर्णांक सहा सेंटिमीटर. मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाची फिल्म दाखवतायत.

हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली पायांकडं जाते, ती महाधमनी. पोटात ती अंगठ्याएवढी जाड असते, दोन सेंटिमीटरच्या आसपास. माझी एका जागी फुगली होती, सायकलची ट्यूब जुनी झाली की एका ठिकाणी फुगते तशी. फुटली तर कोल्हापूर गाठेपर्यंत माणूस राहत नाही. पण फुगवटा साडेपाच सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत, कारण तोवर कापण्यातच धोका जास्त. कशानं होतं हे, असं विचारलं तर बाईंनी उलट विचारलं, सिगारेट ओढत होता का. शैला शेजारीच बसली होती. साहित्याच्या खोलीमागं, मधल्या सुट्टीत, वीस वर्षं, हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा कबूल केलं.

पूर्वी असल्या माणसाला डॉक्टर सांगायचे, पळू नका, उचलू नका, जपा. माणूस इतका जपायचा की खुर्चीतच वाळायचा, आणि पुढं ऑपरेशनची वेळ आली की ते सोसायची ताकद अंगात उरलेली नसायची. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की कुणाच्या तरी नजरेखाली बेतानं केलेल्या व्यायामानं छाती आणि पाय तयार राहतात, आणि फुगवटा त्यानं वाढतो असं काही दिसत नाही. दिवाळी झाल्यावर माझं नाव अशाच एका केंद्रात घातलं. मार्केट यार्डातल्या जुन्या गुळाच्या गोदामात ते भरायचं. गूळ जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण दार उघडलं की वास यायचा. आम्ही सात जण होतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार. चौतीस वर्षं दुसऱ्यांना व्यायाम शिकवणारा मी, आता हजेरीला उभा राहणार होतो.

आणि हजेरी घेणारी कोण, तर निलोफर मुजावर. माझीच विद्यार्थिनी, सातवी ब. चाळिशीची बाई झाली होती, चष्मा लागला होता, पण उभं राहण्याची पद्धत तीच, एक खांदा जरा खाली. फिजिओथेरपीचं शिकून ती मिरजेला नोकरी करून परत आली होती. मला बघून म्हणाली, या सर. बाकी काही नाही. मी तिला लगेच ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. त्याचं कारण पुढं सांगतो.

तिनं प्रत्येकाच्या पोटाला एक पट्टा बांधला. पट्ट्यात चार चकत्या असतात. त्या कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून धमनीच्या भिंतीवर दर ठोक्याला किती ताण येतो ते मोजतात. हे आकडे संगणकात जाऊन तिथं तुमच्या धमनीचं जुळं तयार होतं. हुबेहूब तुमचीच धमनी, फक्त रक्तामांसाची नाही. बुधवारी तुम्ही जो व्यायाम करणार तो मंगळवारीच त्या जुळ्याकडून करून घेतात. झेपला तर तुम्हाला देतात. नाही झेपला तर जुळं फाटतं, आणि तुम्ही तेव्हा घरात चहा पीत असता. ताण मर्यादेजवळ आला की पट्टा गुरगुरतो. माझा पट्टा पहिल्या आठवड्यात इतका गुरगुरला की कल्लाप्पा मगदूम मला म्हणाला, सर, तुमच्या पोटात मांजर आहे काय.

कल्लाप्पा साखर कारखान्यातला फिटर, माझ्याच वयाचा, फुगवटा चार पूर्णांक एक. त्यामुळं त्याची मर्यादा माझ्यापेक्षा वरची, आणि याचा त्याला भलताच अभिमान. सायकल मारताना तो गाणी म्हणायचा. आमचं चांगलं जमलं.

आता माझ्या पोटात खरं काय होतं ते सांगतो. २०४०च्या सव्वीस जानेवारीला शाळेला पंचाहत्तर वर्षं होणार होती. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं की त्या दिवशी मैदानावर लेझीम खेळायची, आणि पुढं घेवडे सर. बत्तीस जण येणार होते. कुणी बंगळुरूहून, कुणी तर मस्कतहून. मला हे कळलं तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन रडलो. चिंचेच्या झाडाखालचं ते मैदान, फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा, पहाटेच्या गारठ्यात पोरांच्या तोंडातून निघणारी वाफ, आणि हलगी वाजली की एकदम बसणारा चौसष्ट लेझमांचा एकच आवाज. तो आवाज नीट बसला की माझ्या पाठीत शिरशिरी यायची. शाळेत आता लेझीमच नव्हती. पोरं डोळ्यांवर चष्मे लावून घरातच व्यायाम करायची. तो आवाज मला मरायच्या आधी एकदा ऐकायचा होता, आणि लांब खुर्चीवर बसून नाही.

निलोफरला विचारलं. ती म्हणाली, बारा आठवडे होऊ देत, मग जुळ्याला विचारू. जुळं हो म्हणालं तर मी सही करीन. आणि माझ्या मुलानं पुण्याहून सांगून ठेवलं होतं की तिची सही नसेल तर मी स्वतः येऊन तुम्हाला घरात कोंडीन.

लेझमीत बैठक असते. लेझीम डोक्यावर नेऊन खाली पूर्ण बसायचं आणि त्याच ठेक्यात उठायचं, सोळा वेळा. केंद्रात मला अर्ध्या बैठकीच्या खाली जाऊ देत नव्हते. अर्धी बैठक म्हणजे बसच्या सीटवर बसल्यासारखं. माझा संताप व्हायचा. पाय तयार होते, दम तयार होता, एवढं मला कळत होतं. हा पट्टाच माझ्याबाबत भित्रा आहे अशी माझी खात्री झाली.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी ते केलं. सुरुवातीला पट्टा ओळख पटवतो, धमनीची रुंदी जुळ्याशी ताडून बघतो. ती ओळख पटल्यावर कल्लाप्पा आणि मी बूट बांधायच्या निमित्तानं कापडी पडद्यामागं गेलो आणि पट्टे बदलले. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांचे मी कान पिरगाळलेत, आणि एकाहत्तराव्या वर्षी स्वतः हे धंदे. कल्लाप्पाला गंमत वाटत होती. मी निलोफरची पाठ वळली की कोपऱ्यात पूर्ण बैठका मारत होतो. एक, दोन, पाच, आठ. पट्टा गुरगुरत होता पण बेतानं. मला वाटलं, जिंकलं.

पट्टा दर दहा मिनिटांनी रुंदी पुन्हा मोजतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दहाव्या मिनिटाला यंत्राला दिसलं की कल्लाप्पा मगदूम यांचा फुगवटा चार पूर्णांक एकवरून चार पूर्णांक सहा झालाय. दहा मिनिटांत. म्हणजे माणूस फुटायच्या बेतात. गोदामातले सगळे दिवे लाल झाले, यंत्रानं आपणहून रुग्णवाहिका बोलावली, कल्लाप्पाच्या घरी फोन गेला, कोल्हापुरात ऑपरेशनची खोली तयार करायला घेतली. निलोफर धावत आली. तिनं कल्लाप्पाला आडवं केलं, त्याचा हात धरला आणि अगदी शांत आवाजात त्याच्याशी बोलत राहिली.

आणि मी गप्प राहिलो. बोललो असतो तर सव्वीस जानेवारी गेली होती. कल्लाप्पाही बोलला नाही. मैत्रीला जागून तो स्ट्रेचरवर पडून माझ्याकडं बघत होता. घर जवळच, त्यामुळं त्याची बायको गंगव्वा पोचली, एका पायात चप्पल, हाताला पीठ. तिनं नवऱ्याच्या छातीवर पिठाचा हात ठेवला. गाडीचं दार लागलं. गाडीला चालक नव्हता, त्यामुळं हाक मारून थांबवायचीही सोय नव्हती. ती फाटकाकडं वळली आणि मग मला वाचा फुटली.

निलोफरनं ऐकलं. गाडी थांबवायचा आकडा दाबला. मग माझ्या शर्टाखालून कल्लाप्पाचा पट्टा तिनं स्वतः सोडला, त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "घरी जा सर. परत येऊ नका."

गंगव्वा मात्र बोलली, आणि कानडीत बोलली. मला त्यातलं निम्मं कळलं, तेवढं पुरेसं होतं.

दोन दिवस मी घरातून बाहेर पडलो नाही. शैलानं कल्लाप्पाच्या घरी जाऊन माझ्या वतीनं माफी मागितली, आणि येऊन मला म्हणाली की उद्या तुम्ही स्वतः जायचं, मी पोस्टमन नाही. मी गेलो. कल्लाप्पानं हसून चहा मागवला. गंगव्वानं माझ्या चहात साखर घातली नाही.

सोमवारी केंद्र सुटल्यावर निलोफर आमच्या दारात उभी. आत आली, शैलाशी दोन शब्द बोलली आणि हातातला संगणकाचा पडदा माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

शुक्रवारची ती दहा मिनिटं फुकट गेली नव्हती. नाव कल्लाप्पाचं असलं तरी धमनी माझी होती. मी एवढा खाली पहिल्यांदाच गेलो होतो, त्यामुळं ते आकडे तोवर कुणीच पाहिलेले नव्हते. तिनं ते माझ्या जुळ्याला दिले आणि त्याच्याकडून सव्वीस जानेवारी करून घेतली. एकदा नाही, दोनशे वेळा. कधी थंडी जास्त, कधी झोप कमी, कधी मन जरा जास्त भरून आलेलं, असे बारीकसारीक फरक करून. अकरा वेळा मी बैठकीतून उठलो नव्हतो.

मी म्हणालो, दोनशेत अकराच ना. शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी पडदा जवळ ओढला.

निलोफरनं पडद्यावर एक रेघ दाखवली. बैठकीत खाली जाताना रेघ ठीक होती. तळाशी ती एकदम उभी वर चढायची, सुईसारखी. प्रत्येक बैठकीला. तिनं विचारलं, तळाशी तुम्ही काय करता. मी म्हणालो, काय करणार, श्वास रोखतो. श्वास रोखून, पोट आवळून वर येतो. तशीच शिकलो आणि चौतीस वर्षं तशीच शिकवली.

तेच. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला आणि रक्तातला दाब एकदम उसळतो. तरण्या धमनीला त्याचं काही नाही. माझ्या भिंतीला तेवढाच क्षण नको होता. तिनं श्वास सोडत उठणाऱ्या घेवडे सरांची सव्वीस जानेवारीही जुळ्याकडून दोनशे वेळा करून घेतली होती. त्यात मी दोनशेच्या दोनशे वेळा उठत होतो. यंत्र काही शब्द देत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. पण दोनशे.

मी म्हणालो की ही सवय जाणार नाही, हलगी वाजली की छाती आपोआप कोंडते. त्यावर ती म्हणाली, "मोजा सर. मोठ्यानं मोजा. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही."

आता ते कारण सांगतो. २०१२ सालची जानेवारी. निलोफर लेझमीच्या पथकात होती, डावीकडून तिसरी. पोरगी चांगली, हात ठेक्यात, पण खेळताना तोंडानं पुटपुटायची. एक, दोन, तीन, चार. माझा नियम होता की मैदानावर फक्त लेझीम बोलेल आणि माझी शिट्टी. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा, सव्वीस जानेवारीला आठ दिवस उरले असताना, सगळ्यांदेखत तिच्या हातातली लेझीम काढून घेतली. सव्वीसला ध्वजवंदनाला ती इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून चिंचेखाली उभी होती, इतर मुलींच्या चपला राखत. मी ते पाहिलं होतं. पुढं ती मोठी झाल्यावर गर्दीत कुठं दिसली की माझी नजर आपोआप दुसरीकडं जायची.

"मला दमा होता सर," ती म्हणाली. "मोजलं की श्वास तुटायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मलाच सापडलं होतं."

तिनं हे रागानं सांगितलं नाही. तिला ते कधीच विसरता आलं नव्हतं, एवढंच.

अठ्ठावीस वर्षं एखादी गोष्ट आत ठेवून माणूस तुमच्या पोटाला पट्टा बांधतो, नीट बसलाय ना विचारतो. मी म्हणालो, "चुकलं माझं, निलोफर. तेव्हाही आणि परवाही." शैलानं तिच्यापुढं पोह्यांची बशी सरकवली. निलोफरनं सगळे पोहे खाल्ले आणि जाताना म्हणाली की बुधवारी या, वेळेवर.

मोजायला शिकणं फार अवघड गेलं. तोंडातून आवाजच निघायचा नाही. गोदामात बाकीच्या सहा जणांसमोर मी सातवीतल्या पोरासारखा लाजायचो. कल्लाप्पा मुद्दाम माझ्याशेजारी येऊन कानडीत मोजायचा, म्हणजे माझं चुकायचं. पण हळूहळू जमलं. श्वास घेत खाली, एक म्हणत वर, पुन्हा खाली, दोन म्हणत वर. पडद्यावरची सुई बसत गेली. पंधरा दिवसांत निलोफरनं मला पूर्ण बैठक दिली, आधी चार, मग आठ.

तिच्याकडून मी मोजायला शिकलो आणि व्यायाम संपल्यावर तिला उरलेली लेझीम शिकवली. तिला निम्मीच येत होती. पुढचं शिकवायच्या आधीच मी तिला काढलं होतं. लेझीम शाळेच्या माळ्यावरून मिळाली, गंजलेली. कल्लाप्पानं चकत्या घासून तेल दिलं. गोदामात पहिल्यांदा ती वाजली तेव्हा गुळाच्या वासात तो आवाज मिसळला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उगाचच खिडकी बंद करायला गेलो.

जानेवारीच्या वीस तारखेला तिनं सही केली. खाली लिहिलं, सोळा बैठका, मोठ्यानं मोजून, पट्ट्यासह.

सव्वीसला सकाळी झेंडा झाला. मैदानावर मी स्वतः फक्की मारली होती. बत्तीस जण रांगेत उभे, कुणाला टक्कल, कुणाला पोट, एकीच्या कडेवर नात होती ती तिनं नवऱ्याकडं दिली. चिंच होती. तिच्याखाली खुर्ची टाकून कल्लाप्पा बसला, मांडीवर निलोफरचा पडदा घेऊन, आणि त्याच्यामागं गंगव्वा, त्याच्यावर लक्ष ठेवायला. निलोफर कडेला उभी होती. मी ड्युटीवर आहे सर, म्हणाली. मी डावीकडून तिसरी जागा मोकळी ठेवली होती. तिच्याकडं लेझीम धरून उभा राहिलो. हलगीवाला थांबला, सगळे थांबले. शेवटी ती आली.

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि सगळ्यांना सांगितलं की आज मोजायचं. मोठ्यानं. ते एकमेकांकडं बघायला लागले. मस्कतहून आलेला एक जण म्हणाला, सर, तुम्ही तर मोजल्याबद्दल मारायचा. मी म्हणालो, हो, चुकत होतो.

हलगी वाजली. चौतीस लेझमांचा आवाज एकदम बसला आणि माझ्या पाठीत तीच शिरशिरी आली. त्यावर माणसांचा आवाज, एक, दोन, तीन, चार. तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, ऐकूच दिला नव्हता. बैठका सुरू झाल्या. चार. आठ. दहा. अकराव्या बैठकीत तळाशी असताना समोर रांग दिसली, त्यात तिसऱ्या जागेवरची ती, तोंड उघडून मोजणारी, डोळे पुसायला हात मोकळा नसलेली. माझा आवाज बंद झाला, छाती कोंडली, आणि पोटावर पट्टा जोरात गुरगुरला. चिंचेखाली कल्लाप्पा उभा राहिला.

"सर, ऐकू येत नाही," निलोफर ठेका न सोडता म्हणाली. "अकरा."

यंत्रानं माझी सव्वीस जानेवारी चारशे वेळा पाहिली होती, दोनशे वेळा श्वास कोंडून आणि दोनशे वेळा सोडून. मी मनात धरल्या होत्या त्या पहिल्या दोनशेच, त्यातल्या अकरांमुळं. ही दोनशे एकावी. त्या सगळ्यांत थंडी होती, झोप होती, भरून आलेलं मन होतं, पण मैदानावर मी एकटाच होतो. निलोफर कुणीच त्यात घातली नव्हती, तिनं स्वतःही नाही.

"अकरा," मी ओरडलो, आणि उठलो. मग बाराव्या बैठकीसाठी पुन्हा खाली बसलो.